रोहिणीच बदलत असेल तर काक्षी मोजायची कशी?

प्रश्न : आमच्या शाळेच्या आकाशनिरीक्षण गटातली आठवी-नववीची मुले गेले दोन हिवाळे मृग नक्षत्रातल्या काक्षीच्या तेजाचा नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेऊन वहीत लिहीत आहेत. तुलनेसाठी आम्ही रोहिणी घेतो आणि तिची प्रत ०.९ धरतो. अलीकडे एका पुस्तकात वाचले की रोहिणीसुद्धा रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारी, आहे. मुलांनी लगेच विचारले, “बाई, मग आपण काय मोजत होतो?” ज्या ताऱ्याशी तुलना करायची तोच स्थिर नसेल, तर या नोंदींना अर्थ राहतो का? ज्यावर पूर्ण भरवसा ठेवावा असा एक तरी तारा आकाशात आहे का? आणि भरलेल्या वह्यांचे आता काय करायचे?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : तुमच्या मुलांना पडलेला प्रश्न रूपविकारी ताऱ्यांच्या अभ्यासाच्या मुळाशी आहे. या क्षेत्रातले मोठमोठे निरीक्षकही या प्रश्नापाशी थांबलेले आहेत. वह्या टाकू नका. त्या का टाकू नयेत ते शेवटी सांगतो, कारण त्याआधी रोहिणीचा हिशेब करायला हवा.

प्रत म्हणजे तेजाचा आकडा आणि तारा जितका फिका तितका हा आकडा मोठा, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका प्रतीचा फरक म्हणजे तेजात सुमारे २.५ पटींचा फरक. हे गणिती प्रमाण नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये सुचवले. पुढे ते मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये निधन होईपर्यंत तिथेच राहिले. या प्रमाणानुसार ०.१ प्रत म्हणजे तेजात जवळपास दहा टक्क्यांचा फरक होतो.

आता रोहिणी. रूपविकारी ताऱ्यांच्या सूचीत तिची प्रत ०.७५ ते ०.९५ यांच्या दरम्यान बदलते असे दिले आहे. हा पल्ला जुन्या निरीक्षणांवरून आलेला आहे. हिप्पार्कस उपग्रहाच्या काटेकोर मोजणीत तिचा चढउतार जेमतेम ०.०२ प्रतीचा निघाला. नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्या सरावलेल्या निरीक्षकाची चूक साधारण ०.१ ते ०.२ प्रतीची असते, नवख्या मुलांची त्याहून थोडी जास्त. काक्षी मात्र एरवी ०.३ ते ०.९ यांच्या आसपास फिरते आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ती १.६ पर्यंत फिकी झाली होती. जी गोष्ट तुम्ही मोजता ती अर्ध्या प्रतीने किंवा त्याहून जास्त बदलते, तुमचा डोळा एक-दोन दशांशांनी चुकतो आणि रोहिणी शतांशांत हलते. तेव्हा मुलांना निःशंक मनाने सांगा की, ती काक्षीच मोजत होती.

तुलनातारा भरवशाचा आहे का, असा प्रश्न अर्धाच राहतो. कोणत्या कामासाठी भरवशाचा, हे त्याला जोडले की उत्तर मिळते. डोळ्यांनी काक्षी पाहण्यासाठी रोहिणी चालते. कॅमेऱ्याने ०.०१ प्रतीचा बदल टिपायचा असेल, तर तीच रोहिणी निरुपयोगी ठरते.

पूर्ण स्थिर तारा आहे का?

शतांशापर्यंत मोजू लागले की फार थोडे तारे स्थिर उरतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण ध्रुवताऱ्याचे आहे. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हजारो ताऱ्यांच्या प्रती मोजल्या. त्यांच्या उपकरणात तपासायच्या ताऱ्याची प्रतिमा ध्रुवताऱ्याच्या प्रतिमेशेजारी आणून दोघांची तुलना होत असे. ही निवड अगदी समंजस होती, कारण ध्रुव वर्षभर दिसतो आणि जवळजवळ एकाच उंचीवर राहतो. पुढे १९११ मध्ये आयनार हर्ट्झस्प्रुंग यांनी ध्रुवताराच रूपविकारी असल्याचे पक्के केले. सुमारे चार दिवसांच्या आवर्तनात त्याचे तेज किंचित वाढते आणि घटते. आपल्याकडे अढळपणाची उपमा ज्याला देतात, तो तारा तेजाच्या बाबतीत अढळ नाही.

तुमच्या मुलांच्या ओळखीच्या मृगातही असेच एक उदाहरण आहे. काक्षीसमोरच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलॅट्रिक्स प्रतींची मोजपट्टी ठरवताना प्रमाण ताऱ्यांमध्ये घेतला गेला होता. नंतरच्या मोजणीत तोही १.५९ ते १.६४ असा हलताना आढळला. उत्तर मुकुटातला ठळक तारा अल्फेका हे ग्रहणकारी युग्म आहे. दर १७.३६ दिवसांनी त्याचे तेज सुमारे ०.१ प्रतीने खाली येते. याच मुकुटात टी कोरोनी बोरिअ‍ॅलिस हा १८६६ आणि १९४६ मध्ये उफाळलेला पुनरावर्ती नवतारा आहे. तो पुन्हा उफाळून दुसऱ्या प्रतीपर्यंत पोचला, तर जगभरचे हौशी निरीक्षक त्याला याच अल्फेकाशी ताडून पाहतील. वृषपर्वा तारकासमूहातल्या डेल्टा ताऱ्याचे तेज ३.५ ते ४.४ असे बदलते. त्याच्या तुलनेसाठी शेजारचे झीटा आणि एप्सिलॉन हे तारे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांतला एप्सिलॉनही शतांशांत कंप पावतो. डोळ्यांच्या निरीक्षणाला त्याचा उपसर्ग होत नाही, म्हणून तो आजही वापरला जातो.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. कोणत्याही एका ताऱ्यावर सगळा भार टाकायचा नाही. अनेक तारे एकमेकांशी ताडून पाहायचे आणि ही तपासणी पुन्हापुन्हा करायची. दुकानातली वजने ठराविक काळाने तपासून मुद्रांकित करून घ्यावी लागतात, तशीच तुलनाताऱ्यांचीही फेरतपासणी चालू असते. अमेरिकेत १९११ मध्ये स्थापन झालेली रूपविकारी तारे निरीक्षकांची संघटना एएव्हीएसओ हे काम सातत्याने करते. ती प्रत्येक ताऱ्यासाठी नकाशा देते आणि त्यावर तुलनातारे त्यांच्या प्रतींसह दाखवते. नकाशावर ९३ लिहिले असेल तर ते ९.३ वाचायचे. दशांशचिन्हाचे टिंब तारा समजले जाऊ नये म्हणून ते गाळलेले असते. हे तारे निवडताना ज्ञात रूपविकारी तारे टाळतात, फार तांबडे तारे टाळतात, आणि ज्याला अगदी लागून दुसरा तारा आहे असेही टाळतात. पुढे एखादा तुलनातारा संशयास्पद ठरला, तर तो काढून नकाशा सुधारला जातो. म्हणूनच नोंद पाठवताना वापरलेल्या नकाशाचा सांकेतिक क्रमांकही द्यावा लागतो. याच कारणाने दोन वेगवेगळ्या नकाशांतल्या प्रती एका अंदाजात मिसळू नयेत.

मग चूक शिरते कुठून?

नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणात तुलनाताऱ्याची स्वतःची चंचलता हा सर्वांत लहान धोका आहे. त्याहून मोठे तीन धोके आहेत आणि त्या तिन्हींवर तुमच्या गटाला लगेच काम करता येईल.

पहिला धोका रंगाचा. काक्षी तांबडी आहे. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिले, तर तो हळूहळू अधिक तेजस्वी वाटू लागतो. म्हणून दोन ताऱ्यांवर आलटूनपालटून झटकन नजर टाकायची, एकावर रेंगाळायचे नाही. शिवाय मंद प्रकाशात आपल्या दृष्टिपटलातल्या दंडपेशी पुढाकार घेतात. त्या निळसर प्रकाशाला जास्त आणि तांबड्याला फार कमी प्रतिसाद देतात. माणसामाणसांत हे प्रमाण वेगळे असते. त्यामुळे तांबडा तारा निळ्या ताऱ्याशी ताडला, की दोन निरोगी डोळ्यांचे अंदाजही सहज दोन-तीन दशांशांनी वेगळे येऊ शकतात. मृगातला निळसर राजन्य काक्षीच्या शेजारी असूनही तुलनेला म्हणूनच गैरसोयीचा, शिवाय तोही थोडा बदलता आहे. रोहिणी नारिंगी आहे आणि काक्षीच्या रंगाला ती बरीच जवळची. तेव्हा शतांशांत हलणारी पण सारख्या रंगाची रोहिणी तुम्हाला एखाद्या अगदी स्थिर निळ्या ताऱ्यापेक्षा अधिक खरे उत्तर देते. तुमची निवड चांगली होती.

दुसरा धोका हवेचा. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या सर्वांत पातळ थरातून येतो. तारा ३० अंश उंचीवर असला, तर तो दुप्पट हवेतून येतो, आणि १० अंशांवर असला तर पाचपटीहून जास्त हवेतून. हवेच्या प्रत्येक अशा पटीमागे स्वच्छ रात्रीही साधारण ०.२ ते ०.३ प्रत गळते, धुरकट रात्री त्याहून जास्त. कराडहून डिसेंबरच्या मध्यात रात्री नऊला पाहिले, तर रोहिणी ५० अंशांच्या वर असते, काक्षी ३० अंशांच्या आसपास आणि पुनर्वसूतला पोलक्स १० अंशांच्या थोडा वर. त्या वेळी काक्षी रोहिणीच्या मानाने आहे त्याहून दीड-दोन दशांश फिकी वाटणार आणि पोलक्स तर काक्षीच्या मानाने अर्ध्या प्रतीहून जास्त मागे पडणार. यात कोणत्याच ताऱ्याचा दोष नाही. तेच तारे जानेवारीच्या मध्यात रात्री अकराला पाहा. काक्षी जवळजवळ मध्यमंडलावर असते, रोहिणी तिच्या पश्चिमेला आणि पोलक्स पूर्वेला, आणि दोघे जवळपास सारख्या म्हणजे ६५ ते ७० अंश उंचीवर असतात. यापेक्षा न्याय्य तुलना मिळणे अवघड. मुलांना अकरापर्यंत जागवता येत नसेल, तर फेब्रुवारीच्या मध्यात हीच मांडणी रात्री नऊच्या सुमारास मिळते.

तिसरा धोका एकाच ताऱ्यावर अवलंबून राहण्याचा. फक्त रोहिणी घेतली की मुलांना “थोडी जास्त”, “बरीच जास्त” असे अंदाजावर ढकलावे लागते. दोन तारे घ्या, एक काक्षीपेक्षा तेजस्वी आणि एक फिका. समजा, तेजस्वी बाजूला प्रश्वा आहे ०.४ आणि फिक्या बाजूला रोहिणी ०.९. दोघांमधल्या अंतराचे मनात पाच भाग पाडा. काक्षी प्रश्वापासून दोन भाग आणि रोहिणीपासून तीन भाग दूर वाटली, तर वहीत लिहा : प्रश्वा २, काक्षी, ३ रोहिणी. हिशेब केला की ०.६ येतात. दोन तुलनाताऱ्यांमधले अंतर शक्यतो अर्ध्या प्रतीपेक्षा जास्त नसावे. त्याहून मोठे अंतर डोळ्याला नीट विभागता येत नाही.

काक्षी २०२० सारखी फिकी झाली, तर प्रश्वा आणि रोहिणी ही जोडी कामाची राहणार नाही, कारण ती दोघांपेक्षा फिकी असेल. तेव्हा पोलक्स १.१ आणि बेलॅट्रिक्स १.६ यांच्यामध्ये तिला बसवावे लागेल. एका जोडीवरून दुसरीवर जाताना निरीक्षकाने विशेष जागरूक राहायला हवे. तिमिंगलातल्या मीरासारखा तारा सुमारे ३३२ दिवसांच्या आवर्तनात कित्येक प्रतींनी चढतो-उतरतो आणि निरीक्षकाला वाटेत एकामागून एक अनेक तुलनातारे बदलावे लागतात. त्यांतल्या एकाची छापील प्रत ०.३ ने चुकीची असेल, तर तेजवक्रात नेमकी त्याच तेजाला पायरी उमटते. चढताना उमटते, उतरताना उमटते आणि पुढच्या आवर्तनात पुन्हा उमटते. तारा तिथे थबकतो असा भास होतो. एकाच तेजाला वारंवार येणारी अशी पायरी दिसली, की आधी तुलनाताऱ्याची प्रत तपासायची.

ही तपासणी तुमची मुलेही करू शकतात. काक्षीकडे वळण्याआधी तुलनातारेच एकमेकांशी ताडून पाहा. रोहिणी पोलक्सपेक्षा पाव प्रतीने तेजस्वी दिसायला हवी. एखाद्या रात्री पोलक्स वरचढ वाटला, तर पश्चिमेला विरळ ढग आहेत का, दोघांची उंची सारखी आहे का, चंद्र कोणाजवळ आहे, हे पाहा. कारण सापडले नाही, तर त्या रात्रीच्या नोंदीपुढे तसे स्पष्ट लिहा.

कॅमेरा घेतला तर?

मोठी मुले पुढेमागे डीएसएलआर कॅमेऱ्याने हेच काम करू लागली, तर अचूकता काही शतांशांपर्यंत जाते आणि मग तुलनाताऱ्याची चंचलता खरोखर महत्त्वाची ठरते. तिथे एक सुंदर युक्ती वापरतात. रूपविकारी तारा आणि तुलनातारा यांच्या जोडीला त्याच छायाचित्रातला तिसरा तारा घ्यायचा. त्याला पडताळातारा म्हणू. दर रात्री तुलनातारा आणि पडताळातारा यांच्या तेजातला फरक काढायचा. तो फरक रात्रीमागून रात्री तोच राहिला, तर दोघेही विश्वासाला पात्र आहेत. रूपविकारी ताऱ्याचा आकडा आणि पडताळाताऱ्याचा आकडा एकाच दिशेने, सारख्याच मापाने सरकले, तर हललेला तारा ओळखायला वेळ लागत नाही : दोघांमध्ये सामाईक असलेला तुलनातारा. त्याहून पक्के काम म्हणजे एकाऐवजी पाच-सहा तुलनाताऱ्यांची सरासरी घेणे. एखादा त्यांत किंचित हलला, तरी त्याचा परिणाम वाटला जातो. याशिवाय, आपण निवडलेला तारा आधीच रूपविकारी म्हणून नोंदलेला आहे का, हे एएव्हीएसओच्या आंतरराष्ट्रीय निर्देशिकेत पाहता येते. लाखो तारे तिच्यात आहेत. ही पाच मिनिटांची तपासणी प्रत्येक नव्या ताऱ्यासाठी करावीच.

वह्यांचे काय करायचे?

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. वह्यांत प्रत्येक वेळी एकच तुलनातारा होता आणि त्याची प्रतही एकच, ०.९, धरलेली होती. याचा अर्थ मूळ निरीक्षण हरवलेले नाही. एखाद्या रात्री काक्षी ०.७ लिहिली असेल, तर मुलांनी पाहिले ते एवढेच की ती रोहिणीपेक्षा ०.२ ने तेजस्वी होती. रोहिणीसाठी उद्या ०.८७ ही अधिक नेमकी प्रत घ्यायची ठरली, तर सगळे आकडे एका बैठकीत सुधारता येतील. तारखेबरोबर वेळही लिहिली असेल, तर त्या क्षणी दोन्ही ताऱ्यांची उंची किती होती हे काढून हवेमुळे आलेला फरकही बऱ्याच अंशी वजा करता येईल. इंग्लंडमध्ये ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा रूपविकारी तारे विभाग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम करतो आहे. तिथे निघालेल्या आकड्याबरोबर मूळ तुलनाही नोंदवून ठेवण्याची शिस्त आहे, म्हणजे तुलनाताऱ्यांच्या प्रती सुधारल्या की जुनी निरीक्षणे नव्याने काढता येतात.

अशा शिस्तीचे मोल दाखवणारे एक नाव मुलांना जरूर सांगा. राधागोविंद चंद्र हे आज बांगलादेशात असलेल्या जेसोरच्या सरकारी कोषागारात नोकरी करणारे गृहस्थ होते. दिवसा नोकरी आणि रात्री तारे, असा त्यांचा नेम होता. त्यांनी एएव्हीएसओकडे ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे पाठवली. त्यांचे काम पाहून त्या संघटनेने १९२६ मध्ये त्यांना अमेरिकेहून दुर्बीण वापरायला पाठवली. त्यांच्या काळातले तारे आज आपण पुन्हा मोजू शकत नाही. त्या रात्रींचे ज्ञान जगाकडे आहे, ते अशा निरीक्षकांनी चिकाटीने नोंदी केल्या म्हणून.

तेव्हा जुन्या वह्यांच्या पहिल्या पानावर लिहा : तुलनातारा रोहिणी, धरलेली प्रत ०.९, निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी. जुने आकडे खोडू नका, सुधारलेले आकडे शेजारच्या रकान्यात लिहा. या हिवाळ्यापासून प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, दोन तुलनातारे, त्यांच्यामधले भाग, त्यांच्या धरलेल्या प्रती, आकाशाची स्थिती आणि निरीक्षण करणाऱ्या मुलाचे नाव असू द्या. प्रत्येकाने आपला अंदाज दुसऱ्याला न सांगता आणि कालची नोंद न पाहता लिहावा, कारण कालचा आकडा डोळ्यासमोर असला की नजर नकळत त्याच्याकडेच झुकते. मुलामुलांचे अंदाज वेगळे आले, तर त्यांना एका आकड्यावर आणण्याचा आग्रह धरू नका. तो फरकच तुमच्या गटाच्या चुकीचे खरे माप आहे आणि ते माप माहीत असलेला गट आपल्या निष्कर्षाबद्दल ठामपणे बोलू शकतो.

रोहिणी बदलते हे वाचून मुलांनी आपल्याच मोजणीवर शंका घेतली, याचा मला फार आनंद झाला. त्यांना सांगा की, रोहिणीबद्दलची ही शंकाही त्याच वहीत, तारीख घालून लिहून ठेवायची. तुलनाताऱ्याच्या प्रतीइतकीच त्याच्याबद्दलची शंका हीसुद्धा नोंद आहे, आणि पुढे हे आकडे हाती घेणाऱ्याला त्या दोन्हींची गरज पडेल.